परीक्षा झाल्यावर वाचायचे काय? नवसाक्षरांसाठी आठवड्यातून एक रकाना द्यावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ८ सप्टेंबरचा आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन जवळ आला, की महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या साक्षरता फेऱ्यांची छायाचित्रे आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर प्रसिद्ध होतात, आणि मार्चमध्ये शाळेच्या बाकांवर बसून परीक्षा देणाऱ्या आजीबाईंची छायाचित्रे येतात. या दोन्हींना आपण आवर्जून जागा देता, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. मात्र या दोन छायाचित्रांच्या मधल्या काळात जे काम चालते आणि दुसऱ्या छायाचित्रानंतर जे बहुधा बंद पडते, त्याविषयी आपल्या वाचकांपुढे काही मांडावे आणि त्याच ओघात आपल्याकडे एक मागणी करावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा मी कार्यवाह आहे. आमच्या वाचनालयाच्या खोलीत रात्री जेवणे आटोपल्यावर स्त्रियांचा साक्षरता वर्ग भरतो आणि तो गावातलीच एक मुलगी चालवते. ती कला शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकते आणि रोज एसटीने तालुक्याच्या गावी महाविद्यालयात जाऊन येते. आपले नाव छापून येऊ नये अशी तिची इच्छा असल्यामुळे मी ते देत नाही. तिचे काम मात्र सर्वांना कळावे असे मला वाटते.

‘उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रम’ हा केंद्र सरकारचा उपक्रम २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आखलेला असून पंधरा वर्षांवरील पाच कोटी असाक्षरांपर्यंत पोहोचण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. या कार्यक्रमात शिकवण्याचे काम मानधन न घेणाऱ्या स्वयंसेवकांवर सोपवलेले आहे. असाक्षरांची नोंदणी आणि परीक्षेची व्यवस्था शाळेने पाहायची आणि प्रत्यक्ष अक्षरओळख स्वयंसेवकाने करून द्यायची, अशी साधारण वाटणी असते. हा स्वयंसेवक म्हणजे बहुतेक गावांत कोणाची तरी शिकलेली लेक, नात किंवा सून असते. काही ठिकाणी ही नावे नोंदवहीतच राहतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु जिथे एखादी एकोणीस-वीस वर्षांची मुलगी खरोखर खडू हातात घेऊन उभी राहते, तिथे नेमके काय घडते याचे वर्णन कोणी फारसे करत नाही, म्हणून ते थोडे विस्ताराने करतो.

या मुलीने सुरुवात मुळाक्षरांच्या तक्त्यापासून न करता स्त्रियांच्या नावांपासून केली. गावात कमल नावाच्या दोघी-तिघी तरी असतातच. क, म आणि ल ही तीन अक्षरे ओळखीची झाली, की त्यांतूनच कलम होते, मलम होते. त्यांना काना जोडता आला, की काम, माल, काल, काका आणि मामा हे सगळे शब्द एका संध्याकाळी फळ्यावर येतात. आपल्याच नावातून इतके शब्द निघतात हे पाहिल्यावर स्त्रियांची भीड चेपते. वेलांट्या आणि उकार यायला थोडा वेळ लागतो, आणि खरी अडचण सुरू होते ती जोडाक्षरांपाशी. रफार अक्षराच्या डोक्यावर का जातो आणि तो आधी का उच्चारायचा, हे प्रौढ माणसाला समजावून सांगताना चांगल्या शिक्षकाचीही कसोटी लागते. तिने त्यासाठी ‘अर्ज’ हा शब्द निवडला, कारण तो प्रत्येकीच्या तोंडी आहे आणि प्रत्येकीने कधी ना कधी तो दुसऱ्याकडून लिहून घेतलेला आहे.

आकड्यांचेही तसेच आहे. फळ्यावर देवनागरी आकडे शिकवायचे, पण मोबाइलवर, गॅसच्या पावतीवर, एसटीच्या तिकिटावर आणि बँकेच्या पासबुकात आकडे इंग्रजी. २०१६ पासून चलनात आलेल्या पाचशेच्या नोटेवर दोन्ही पद्धतींचे आकडे छापलेले आहेत, म्हणून तिने ती नोटच सगळ्यांना पाहायला दिली आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून घेतले. असा विचार करायला तिला कोणी शिकवले नव्हते. समोर बसलेल्या स्त्रीला उद्या बाजारात काय वाचावे लागणार आहे, याकडे तिचे लक्ष होते, इतकेच त्याचे कारण आहे.

तिने हेरलेली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. काही जणी फळ्यावरचा शब्द बरोबर वाचत, पण पुस्तक हातात दिले की गप्प बसत. त्यांना विसर पडतो, वयामुळे डोक्यात राहत नाही, असे आम्ही सारे समजत होतो. या मुलीने त्यांना पुस्तक हातभर लांब धरून वाचायला सांगितले, आणि मग ध्यानात आले की प्रश्न चाळिशीच्या चष्म्याचा आहे. आयुष्यात कधी वाचावेच लागले नाही, त्यामुळे जवळचे दिसत नाही हे त्यांना स्वतःलाही कळले नव्हते. आशाताईंच्या मदतीने तिने त्यांची डोळे तपासणी करून घेतली, चष्मे मिळाले आणि त्या वाचू लागल्या. साक्षरता वर्गाची नोंदणी करतानाच प्रत्येक असाक्षराची दृष्टी तपासण्याची व्यवस्था आरोग्य विभागाच्या सहकार्याने झाली, तर ‘शिकण्याची इच्छा नाही’ असा शेरा बसलेल्या कितीतरी व्यक्ती वर्गात टिकतील, असे माझे मत आहे.

या स्त्रिया वर्गाला का येतात, हेही समजून घेण्यासारखे आहे. दिवसभर आल्याच्या किंवा उसाच्या रानात खुरपणी करून, घरी येऊन भाकऱ्या थापून, भांडी आवरून त्या येतात, तेव्हा त्यांना प्रमाणपत्राची ओढ नसते. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार रुपये २०२४ पासून अनेकींच्या खात्यात जमा होऊ लागले आणि त्याबरोबर बँकेचे संदेश मोबाइलवर येऊ लागले. पैसे आले की नाही, हे विचारण्यासाठी मोबाइल दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो आणि मग आपल्या खात्यात किती आहेत हे सगळ्यांना कळते. बचत गटाच्या वहीत आपल्या नावापुढे कोणती रक्कम लिहिली आहे, घरी आलेल्या कर्जाच्या कागदावर आपण कशाखाली सही करतो आहोत, डॉक्टरांनी दिलेल्या दोन गोळ्यांपैकी सकाळची कोणती आणि रात्रीची कोणती, फलाटाला लागलेली गाडी वाठारला जाणारी की रहिमतपूरला, असे हे प्रश्न आहेत. आता मोबाइलच सगळे वाचून दाखवतो, मग अक्षरओळख कशाला, असे काही सुशिक्षित मंडळी म्हणतात. मोबाइलने मोठ्याने वाचून दाखवलेले शेजारच्यालाही ऐकू जाते, आणि आपला व्यवहार आपल्यापुरता ठेवण्याचा अधिकार जितका शिकलेल्या माणसाला आहे तितकाच या स्त्रियांनाही आहे.

दुसरा आक्षेप असा घेतला जातो, की नवी पिढी शाळेत जाते आहेच, जुनी पिढी काळाबरोबर जाईल आणि निरक्षरता आपोआप संपेल. हा विचार मला निष्ठुर वाटतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या थोडी वर होती, पण स्त्रियांची सुमारे ७६ टक्के होती. म्हणजे सात वर्षांवरील दर चार स्त्रियांमागे जवळजवळ एकीला लिहिता-वाचता येत नव्हते. नंदुरबार जिल्ह्यात एकूण साक्षरताच ६४ टक्क्यांच्या आसपास होती. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, त्यामुळे हिशेबाला आपल्याजवळ तेच आकडे आहेत. २०११ मध्ये पस्तिशीत असलेली निरक्षर स्त्री आज पन्नाशीत आहे आणि तिच्यापुढे अजून वीस-पंचवीस वर्षांचे आयुष्य आहे. तेवढी वर्षे तिने दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचावे, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

तरुणांनी हे काम अंगावर घेण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे आणि आमच्या जिल्ह्याला तिचा विशेष अभिमान आहे. खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले १८४८ मध्ये पुण्यात शिकवायला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचे वय सतरा होते आणि जोतीराव विशीत होते. याच दांपत्याने १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजूर स्त्रीपुरुषांसाठी आपल्या घरी रात्रीची शाळा काढली. सावित्रीबाईंच्या जयंतीला आपण मुलींच्या शाळेची आठवण काढतो. प्रौढांच्या या रात्रशाळेचा उल्लेख त्या मानाने फार कमी होतो, आणि आजच्या स्वयंसेवकांना तर तीच अधिक जवळची आहे.

पुढे १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यातच ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि नंतर ती राज्यभर गेली. गावाने एकत्र यायचे, शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना शिकवायचे आणि गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ करायचा, अशी तिची रीत होती. माझी आई याच मोहिमेत वाचायला शिकली. समारंभाच्या दिवशी तिने चार ओळी मोठ्याने वाचल्याचे ती अभिमानाने सांगत असे. पण त्यानंतर घरात वाचण्यासारखे काही नव्हते, गावात वाचनालय नव्हते आणि विचारणारेही कोणी उरले नाही. मला कळू लागले तोवर तिच्याजवळ त्या शिक्षणातली फक्त सही शिल्लक होती. मोहिमेत शिकलेल्या असंख्य लोकांचे असेच झाले आणि पाठपुरावा न झाल्यामुळे ते पुन्हा निरक्षरतेकडे वळले, हे त्या मोठ्या कार्याचे सर्वमान्य वैगुण्य आहे. मोहिमेला मी नावे ठेवत नाही. तिने गावेच्या गावे उभी केली. पण वाचायला शिकवणे आणि वाचत ठेवणे ही दोन कामे आहेत आणि दुसरे काम आपण प्रत्येक वेळी अर्धवट सोडले आहे.

पुढचा इतिहास वाचकांना बराचसा माहीत आहे. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान स्थापन झाले. केरळातील एर्नाकुलम जिल्हा हजारो स्वयंसेवकांच्या बळावर १९९० मध्ये संपूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला आणि १८ एप्रिल १९९१ रोजी केरळ राज्याने तोच मान मिळवला. त्या चळवळीला वाचनालयांच्या दाट जाळ्याचा आणि केरळ शास्त्रसाहित्य परिषदेसारख्या लोकसंघटनेचा आधार होता, हे मला तिच्या यशाचे मर्म वाटते. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात तर साक्षरता चळवळीतून हजारो स्त्रिया सायकल चालवायला शिकल्या. आपल्याकडे २००९ मध्ये सुरू झालेले ‘साक्षर भारत’ २०१८ मध्ये थांबले आणि ‘उल्लास’ २०२२ मध्ये आले. योजना येतात, मुदत संपली की जातात. स्त्रीची वाचनाची गरज मात्र योजनेच्या मुदतीने ठरत नाही.

आता परीक्षेविषयी. ‘उल्लास’ कार्यक्रमातली पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान चाचणी दीडशे गुणांची असते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना पन्नास-पन्नास गुण आणि प्रत्येकात उत्तीर्ण होण्यासाठी ३३ टक्के. महाराष्ट्रात ती १७ मार्च २०२४ रोजी, रविवारी झाली, तेव्हा सुना सासूला घेऊन केंद्रावर आल्या होत्या आणि नातवंडे बाहेर उभी होती, अशी दृश्ये राज्यभर दिसली. परीक्षेचा हा सोहळा मला मनापासून आवडतो. मार्चमध्ये आमच्याकडे रब्बी ज्वारीची काढणी असते, गावोगावच्या यात्रा तोंडावर आलेल्या असतात, तरीही स्त्रिया वेळ काढतात, यावरून त्यांना त्याचे किती मोल वाटते हे दिसते. पण उत्तीर्ण झालेली व्यक्ती सरकारच्या लेखी साक्षर ठरते आणि तिच्यासाठी असलेली धडपड तिथे बहुतांशी संपते. एक तृतीयांश गुण मिळवून नुकतेच वाचू लागलेल्या माणसाला त्या क्षणी सर्वांत जास्त सोबतीची गरज असते, आणि नेमक्या त्याच वेळी आपण पुढच्या वर्षाची नवी यादी हाती घेतो.

ही सोबत कोणी करायची? ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेली आजीबाईंची शाळा अनेकांना ठाऊक असेल. गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन येणाऱ्या आज्यांची छायाचित्रे देशभर गेली. मला तिथली अधिक मोलाची गोष्ट अशी वाटते, की त्यांना शिकवायला गावातलीच एक सून पुढे आली आणि तिच्या विद्यार्थिनींमध्ये तिची सासूही होती. शिकवणारी व्यक्ती गावातली असली, की ती परीक्षेनंतरही रोज भेटते, पाणवठ्यावर भेटते, रेशनच्या दुकानात भेटते आणि ‘काय वाचलंत?’ असे सहज विचारू शकते.

म्हणूनच आमच्या गावच्या मुलीला आलेली एक अडचण मला सार्वजनिक करावीशी वाटते. ती महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेची स्वयंसेविका आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेल्या या योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवा करावी आणि सात दिवसांचे एक विशेष शिबिर करावे अशी अपेक्षा असते. आमच्या वाचनालयातल्या वर्गाचे तास यात धरता येणार नाहीत असे तिला सांगण्यात आले, कारण महाविद्यालयाने दत्तक घेतलेले गाव दुसरे आहे. त्यामुळे तिने आपल्या गावात रोज रात्री शिकवायचे आणि शिवाय तास भरावेत म्हणून परिसर स्वच्छतेला, फेऱ्यांना आणि दिनविशेषांच्या कार्यक्रमांना हजर राहायचे, असे चालले आहे. नियम सांगणाऱ्या प्राध्यापकांविषयी माझी तक्रार नाही. त्यांनाही हजेरीपत्रके वर पाठवावी लागतात. परंतु शिबिरातले श्रमदान आणि फेऱ्या यांइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, मोल एका माणसाला वर्षभर सातत्याने शिकवण्याला मिळाले पाहिजे. १९८६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना घेऊन कार्यात्मक साक्षरतेचा मोठा कार्यक्रम देशभर हाती घेतला गेला होता. तेव्हा जे शक्य वाटले ते आज अशक्य असण्याचे कारण दिसत नाही. विद्यार्थ्याने स्वतःच्या गावात किंवा वस्तीत शिकवलेले तास, तिथल्या ग्रंथालयाने किंवा शाळेने नोंदवहीवर प्रमाणित केले, की सेवेचे तास म्हणून मान्य करावेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमांत समाजकार्याला श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागले आहेत. त्यातही दोन वर्षे तीच व्यक्ती, तोच वर्ग सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याला प्राधान्य द्यावे, अशी विद्यापीठांना माझी विनंती आहे.

तरीही सारा भार एका मुलीवर टाकून आपण निश्चिंत राहू शकत नाही. सत्र परीक्षेच्या काळात वर्ग ओस पडतो. उद्या तिला पुण्यात नोकरी लागेल किंवा तिचे लग्न होऊन ती दुसऱ्या गावी जाईल, आणि तिने तसे जाऊ नये असे कोणी म्हणता कामा नये. वर्ग चालू राहायचा असेल तर तो वाचनालयाचा असला पाहिजे. शिकवणारे तरुण बदलत राहतील. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, हजारो गावांत शासनमान्य ग्रंथालये आहेत आणि त्यांना दर्जानुसार अनुदान मिळते. तपासणीच्या वेळी आमची ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके आणि दप्तर पाहिले जाते. नवसाक्षरांसाठी वेगळे कपाट आहे का आणि त्यातले पुस्तक कोणी नेले का, हेही तपासणीत विचारले जाऊ लागले, तर दोन वर्षांत गावोगावच्या वाचनालयांचे रूप पालटेल. आमच्यासारख्या कार्यवाहांनी मात्र त्याची वाट पाहत बसू नये; खोली, दिवा आणि सतरंजी द्यायला कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

पण कपाटात ठेवायचे काय, हा प्रश्न उरतोच, आणि माझी मूळ मागणी याच्याशीच निगडित आहे. मोठ्या अक्षरांची पुस्तके बहुतेक लहान मुलांची असतात. पन्नाशीची बाई ससा आणि सिंहाची गोष्ट एकदा कौतुकाने वाचते, दुसऱ्यांदा तिला ती नको असते. कादंबऱ्यांचा टाइप बारीक आणि वाक्ये लांब. त्या मुलीने यावर स्वतःचा एक मार्ग काढला. स्त्रियांना तोंडपाठ असलेले अभंग आणि जात्यावरच्या ओव्या तिने कोऱ्या कागदांवर ठळक अक्षरांत लिहून काढल्या. ओवी आधीच पाठ असल्यामुळे बोट शब्दावर ठेवून म्हणता येते, आणि म्हणता म्हणता कोणता शब्द कसा दिसतो हे डोळ्यांना कळत जाते. मग तिने त्यांनाच आपापल्या माहेराविषयी बोलायला सांगितले, ते त्यांच्याच शब्दांत उतरवले आणि दुसऱ्या दिवशी वाचायला दिले. आपण बोललेले कागदावर पाहिल्यावर एकमेकींचे कागद मागून घेऊन त्या वाचू लागल्या. आमच्या वाचनालयात सध्या सर्वाधिक हाताळले जाणारे वाचन साहित्य हे हाताने लिहिलेले कागद आहे.

या स्त्रियांना रोजच्या जगाची खबरही हवी आहे. वाचनालयात आपले दैनिक येते, त्या ते उघडतात आणि मथळे वाचतात. मथळ्याखाली गेले की थांबतात. टाइप लहान असतो हे एक कारण, आणि बातमीची भाषा हे दुसरे. ‘अवकाळी पावसामुळे नुकसानग्रस्त झालेल्या पिकांचे पंचनामे तातडीने करण्याचे निर्देश तहसीलदारांनी संबंधित यंत्रणेस दिले आहेत’ या धाटणीचे वाक्य नवसाक्षर व्यक्तीला अर्ध्यावरच सोडून द्यावे लागते, आणि गंमत नाही, खेदाची बाब ही, की त्या बातमीची तिला शहरातल्या वाचकापेक्षा जास्त गरज असते. हीच बातमी ‘पावसाने पिकांचे नुकसान झाले आहे. तलाठी शेतात येऊन पाहणी करतील. सातबारा जवळ ठेवा’ अशी लिहिली, तर आमच्या वर्गातली कोणीही ती वाचू शकेल.

म्हणून माझी आपल्याला अशी मागणी आहे, की आपल्या जिल्हा पुरवणीत आठवड्यातून एकदा नवसाक्षरांसाठी एक रकाना सुरू करावा. टाइप अठरा ते वीस पॉइंटचा असावा, ओळींत मोकळी जागा असावी, वाक्य सहा-सात शब्दांपलीकडे जाऊ नये आणि एखादे अवघड जोडाक्षर आलेच तर ते त्याच मजकुरात दोन-तीनदा यावे, म्हणजे वाचणाऱ्याची त्याच्याशी ओळख पक्की होते. विषय त्यांच्या जगण्यातले असावेत: आले, सोयाबीन आणि कांदा यांचे भाव, रेशनवर या महिन्यात काय मिळणार, यात्रेच्या जादा गाड्या, लसीकरणाचा दिवस, फसव्या फोनपासून सावध राहण्याची माहिती, एखाद्या बचत गटाची हकीगत आणि वाचणाऱ्या स्त्रियांनी स्वतः सांगितलेली एखादी ओवी. आकडे दोन्ही पद्धतींनी छापावेत. उपदेश मात्र नसावा; या वयाच्या माणसांना हात धुण्याचे महत्त्व सांगणारे धडे पुष्कळ मिळाले आहेत.

या रकान्यासाठी आपल्या संपादकीय विभागावर फार ताण पडणार नाही, असे मला वाटते. मराठी आणि पत्रकारिता विषयांच्या विद्यार्थ्यांकडून हा मजकूर तयार करून घेता येईल. सोपे लिहिणे किती अवघड असते, हे शिकण्याची यापेक्षा चांगली संधी त्यांना कुठे मिळणार? राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी आठवड्याची एक बातमी निवडावी, ती सोप्या भाषेत लिहावी, आपल्या वर्गात वाचून घ्यावी आणि जिथे वाचणारा अडखळेल तिथे बदल करून मग आपल्याकडे पाठवावी. शिकवणाऱ्या तरुणांना त्यामुळे दर आठवड्याला ताजा मजकूर मिळेल आणि वाचनालयाच्या फळ्यावर तो रकाना चिकटवता येईल, म्हणजे ज्यांच्या घरी वृत्तपत्र येत नाही त्यांनाही तो वाचता येईल.

आमच्या वर्गातल्या स्त्रियांनी छपाईपूर्वीचा मजकूर वाचून पाहण्याची तयारी दाखवली आहे. कोणता शब्द अडला, कोणते वाक्य दुसऱ्यांदा वाचावे लागले, हे ती मुलगी आपल्या प्रतिनिधीला लेखी कळवील. दिवाळीच्या सुट्टीत तिच्या महाविद्यालयातले आणखी काही विद्यार्थी या कामासाठी वाचनालयात बसणार आहेत आणि पहिल्या चार आठवड्यांचा मजकूर ते तयार करून ठेवतील. आपला होकार असल्यास टाइपचा आकार आणि शब्दमर्यादा तेवढी आम्हाला त्याआधी कळवावी, ही विनंती.

आपला वाचक,
कार्यवाह, एक सार्वजनिक ग्रंथालय,
ता. कोरेगाव, जि. सातारा